ट्रंकेत काय आहे ते आधी मोजा, मग स्कॅनर घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचवटीतल्या घरी वडिलांच्या फोटोंची पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात सुमारे ६०० स्लाइड्स (त्यात १९८० आणि १९९१ च्या सिंहस्थातल्या बऱ्याच), रंगीत निगेटिव्हचे पंचवीसेक रोल, आणि बिस्किटांच्या डब्यात अ‍ॅग्फा क्लिक थ्रीवर काढलेल्या दीडशे चौकोनी कृष्णधवल निगेटिव्ह. २०२७ च्या सिंहस्थाआधी सगळं डिजिटल करायचंय. समोर तीन पर्याय आहेत: ९६०० डीपीआय लिहिलेला सेकंडहँड फ्लॅटबेड (सपाट काच आणि वर झाकण असलेला स्कॅनर), स्क्रीन असलेला २२ मेगापिक्सेलचा छोटा स्कॅनर आणि प्लस्टेक कंपनीचा फिल्म स्कॅनर. शिवाय नांदूर मधमेश्वरला पक्षी टिपण्यासाठी घेतलेला २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर घरात आहे, त्याचा काही उपयोग होईल का?

तुमच्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो बिस्किटांचा डबा. क्लिक थ्रीमध्ये १२० ची फिल्म लागायची आणि एका रोलवर ६×६ सेंटिमीटरच्या १२ फ्रेम यायच्या. प्लस्टेकच्या ऑप्टिकफिल्म ८१००, ८२००आय या मशीनच्या खाचेत फक्त ३५ एमएमची फिल्म जाते, त्यात ६×६ शिरणारच नाही. स्क्रीनवाल्या छोट्या स्कॅनरचंही तेच. म्हणजे हे दोन्ही कितीही चांगले असले तरी डबा बाकीच राहणार. म्हणून आधी एक दुपार काढा, जमिनीवर पांढरी चादर अंथरा आणि मोजा: ३५ एमएमच्या पट्ट्या किती, सुट्या कापलेल्या फ्रेम किती (रिप्रिंटसाठी स्टुडिओत एकेक फ्रेम कापलेली असू शकते), माउंटमधल्या (पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या चौकटीतल्या) स्लाइड किती, त्यात काचेचे माउंट किती, १२० किती. अगदी लहान, १३×१७ मिलिमीटरच्या फ्रेम सापडल्या तर त्या ११० च्या कॅमेऱ्यातल्या, त्यांना वेगळा होल्डर (फिल्म धरणारी चौकट) लागतो.

आता डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके. खोक्यावरचा आकडा म्हणजे सेन्सर आणि मोटर मिळून किती बारीक ठिपके मोजू शकतात तेवढाच. लेन्सलाही तेवढं बारीक दिसतं असं अजिबात नाही. स्कूटरच्या काट्यावर १२० लिहिलंय म्हणून ती १२० ने पळत नाही, तसंच. बारीक रेषांची चाचणी-पट्टी स्कॅन करून ज्या स्वतंत्र चाचण्या झाल्या आहेत त्यांत एप्सन व्ही६०० हा फ्लॅटबेड (खोक्यावर ६४००) प्रत्यक्षात साधारण १५५० ला थांबतो. कॅनोस्कॅन ९०००एफ मार्क टू (खोक्यावर ९६००) १७०० च्या आसपास. एप्सन व्ही८५० साधारण २३००. प्लस्टेक ८२००आय (खोक्यावर ७२००) सव्वातीन हजाराच्या आसपास. जुन्या निकॉन कूलस्कॅन फाइव्ह आणि ५००० वर ४००० लिहिलेलं असतं आणि ते जवळजवळ ४००० देतातही. तुमचा तो ९६०० वाला फ्लॅटबेड हा कॅनोस्कॅनच असेल तर त्याची किंमत व्ही६०० च्या रांगेत बसवा, त्याच्या वर नाही.

या आकड्यांतून फोटो केवढा मिळतो ते बघा, मग निर्णय सोपा होतो. ३५ एमएमची फ्रेम ३६×२४ मिलिमीटर, म्हणजे लांबीला जेमतेम १.४२ इंच. व्ही६०० चे खरे १५५० धरले तर साधारण २२००×१४६० पिक्सेल, सव्वातीन मेगापिक्सेलच्या आतबाहेर. ५×७ चा प्रिंट झकास, ८×१२ चालून जाईल, त्यापुढे मऊ पडेल. तीच फ्रेम प्लस्टेकवर १४ मेगापिक्सेलची होते आणि १२×१८ चा प्रिंट बिनधास्त निघतो. पण क्लिक थ्रीची ६×६ ची फ्रेम ५६ मिलिमीटरची, म्हणजे सव्वादोन इंचांच्या जवळ. तिच्यावर तेच १५५० डीपीआय साधारण ३४०० पिक्सेलचा चौकोन देतात, साडेअकरा मेगापिक्सेलच्या वर! म्हणजे ३५ एमएमला तोकडा पडणारा फ्लॅटबेड त्या डब्याला पुरून उरतो. शिवाय क्लिक थ्रीची साधी लेन्स कडांना मऊच असते. त्या निगेटिव्हमधून ४००० डीपीआयने काढण्यासारखं फारसं काही उरत नाही.

तेव्हा सरळ मत: एकच मशीन घ्यायचं असेल तर पारदर्शी फिल्मचा दिवा झाकणात असलेला फ्लॅटबेड, म्हणजे व्ही६०० च्या दर्जाचा. त्यावर सगळी ट्रंक एकदा पाहण्या-वाटण्याजोगी होईल. त्यातून ज्या पन्नास-शंभर स्लाइडचे मोठे प्रिंट लावायचेत, त्या तुमच्याच डीएसएलआरने पुन्हा घ्या. व्ही८५० परवडत असेल तर नक्कीच बरा, एका वेळी १२ स्लाइड लागतात आणि होल्डरची उंची कमीजास्त करता येते. पण ३५ एमएमसाठी तोही प्लस्टेकच्या खालीच राहतो, हे ठाऊक असू द्या. सगळी ट्रंक ३५ एमएमची असती आणि डबा नसता, तर ८२००आय हेच उत्तर दिलं असतं.

एक सावधगिरी. दुकानात ‘फ्लॅटबेड’ मागितला की कागदपत्रांचा पातळ स्कॅनर पुढे येतो. त्याच्या झाकणात दिवा नसतो, त्यामुळे निगेटिव्ह काळी ठिक्कर येते. शिवाय त्यातला पातळ सेन्सर काचेला चिकटलेल्या कागदापुरताच फोकस करतो. मागून मोबाइलचा टॉर्च धरून काम होतं असे व्हिडिओ दिसतात. त्यातून येतं ते फक्त ओळख पटण्याजोगं चित्र.

स्क्रीनवाल्या छोट्या स्कॅनरबद्दल. आत एक लहान कॅमेरा असतो, खरा सेन्सर १३-१४ मेगापिक्सेलचा आणि २२ हा आकडा मधले पिक्सेल भरून केलेला. फाइल फक्त जेपेग (दाबून लहान केलेली), एक्स्पोजर बहुतेक स्वतःच ठरवतो, कडा थोड्या कापतो, धूळ काढायची सोय नाही. रामकुंडावरच्या भर उन्हातल्या स्लाइडमध्ये पांढरे धोतर सपाट पांढरे आणि घाटाच्या कमानीखालची सावली सपाट काळी, असं हमखास होतं. वेग मात्र जबरदस्त आहे, एका फ्रेमला पाच सेकंद. कुठल्या रोलमध्ये काय आहे हे लावून घ्यायला उत्तम. पण तेवढ्याचसाठी पैसे घालायची गरज नाही: पट्ट्या लाइट पॅडवर ठेवून मोबाइलने फोटो काढा आणि रंग उलटे करा, सूची तयार.

इन्फ्रारेडबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण वेळ वाचतो तो इथे आणि नासाडी होते तीही इथेच. ८१०० आणि ८२००आय यांत मुख्य फरक त्या शेवटच्या ‘आय’चा. व्ही६०० मध्ये हीच गोष्ट डिजिटल आइस या नावाने येते. रंगीत फिल्ममधले रंग अवरक्त किरणांना जवळजवळ पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे नसतात. स्कॅनर एक जादा फेरी अवरक्त प्रकाशात मारतो, त्यात फक्त कचरा दिसतो, आणि सॉफ्टवेअर तेवढ्याच जागा भरून काढतं. चाळीस वर्षं ट्रंकेत पडलेल्या स्लाइडवर हाताने ठिपके काढायला अर्धा अर्धा तास जातो. आइस ते काम एका-दीड मिनिटात करतं.

पण कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्र चांदीचं असतं आणि चांदी अवरक्त किरण अडवते. सॉफ्टवेअरला वाटतं, सगळं चित्रच धूळ आहे. चेहरे मेण ओतल्यासारखे होतात, साडीच्या काठाची नक्षी पुसली जाते, ठळक कडांभोवती डाग पडतात. तुमच्या डब्यातल्या फिल्मच्या कडेवर ‘इंदू’ (उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची) किंवा ‘ओरवो’ (पूर्व जर्मनीची) दिसेल. त्या सगळ्यांना आइस बंद. अपवाद रंगीत रसायनात धुतल्या जाणाऱ्या कृष्णधवल फिल्मचा, जसं इल्फर्ड एक्सपीटू. माउंटवर ‘कोडाक्रोम’ लिहिलेल्या स्लाइड निघाल्या तर त्याही वेगळ्या काढा. त्यातला निळसर रंग काही प्रमाणात अवरक्त अडवतो आणि बारीक तपशील जातो. तिथे आइस बंद ठेवून ब्लोअरवर भर द्या.

निगेटिव्ह आणि स्लाइड यांत स्कॅनरला जड जाते ती स्लाइड. निगेटिव्हमध्ये उजेड-अंधारातलं अंतर फिल्मवर दाबलेलं असतं, फ्लॅटबेडलाही ते झेपतं. स्लाइडमधली काळी जागा खरोखर काळी असते. पांडवलेण्यांच्या आतून बाहेर बघत काढलेली एखादी स्लाइड तुमच्याकडे असेलच. व्ही६०० वर तिच्या अंधारात दगडाचा पोत दिसण्याऐवजी रंगीत वाळू दिसेल. सॉफ्टवेअरने सावल्या उचलू नका, ती वाळू आणखी वर येते. अशा स्लाइड कॅमेऱ्याच्या यादीत टाका.

फ्लॅटबेडवर काम करताना दोन गोष्टी सगळ्यांच्या चुकतात. पहिली, उंची. या स्कॅनरचा फोकस कायमचा ठरलेला असतो, काचेच्या किंचित वर. कारखान्यातून आलेला होल्डर त्या उंचीवर बरोबर बसेलच असं नाही, अर्ध्या मिलिमीटरचा फरकही दिसतो. ज्यात बारीक काही आहे अशी फ्रेम निवडा: दुकानाची पाटी, देवळाच्या शिखरावरचं कोरीव काम, काहीही. ती होल्डरमध्ये लावून २४०० ला एकदा स्कॅन करा. मग होल्डरच्या चारही कोपऱ्यांखाली नेहमीच्या झेरॉक्सच्या कागदाचे दोन-दोन तुकडे (एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर) चिकटवून पुन्हा, मग चार, सहा, आठ. शार्पनिंग बंद असू द्या, नाहीतर फरक लपतो. पाची स्कॅन शंभर टक्क्यांवर शेजारीशेजारी उघडा. जिथे फिल्मचे दाणे किंवा अक्षरांच्या कडा सर्वांत स्वच्छ दिसतील ती तुमची उंची. मग तेवढ्या जाडीच्या प्लास्टिक कार्डाचे तुकडे कायमचे चिकटवून टाका. स्लाइडच्या होल्डरसाठी ही चाचणी वेगळी करा, कारण पुठ्ठ्याच्या आणि प्लास्टिकच्या माउंटमध्ये फिल्म वेगवेगळ्या उंचीवर बसते. एक तासाचं काम आहे, पण पुढच्या दीड हजार फ्रेमना ते लागू पडतं.

दुसरी, कॅलिब्रेशनची खिडकी. होल्डरच्या एका टोकाला एक आडवी मोकळी फट असते. स्कॅनर दर वेळी तिच्यातून दिव्याचा उजेड मोजतो. तिथे केस, धूळ किंवा चुकून पट्टीचं टोक आलं की चित्रभर लांबच लांब सरळ रेघ उमटते. लोक मशीन बिघडलं म्हणून दुरुस्तीला नेतात आणि काच पुसली की काम भागतं.

एप्सनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफेशनल मोड निवडा. ‘थंबनेल’पुढची टिक हटवा. रात्रीच्या आरतीसारख्या काळ्या फ्रेममध्ये सॉफ्टवेअरला कडा सापडत नाहीत आणि ते अर्धी फ्रेम कापतं. चौकट हाताने ओढा, कडेला थोडी काळी पट्टी राहू द्या. रंगीत ३५ एमएमसाठी २४०० डीपीआय पुरे. खरी क्षमता पंधराशेच्या आसपास असताना ६४०० ला स्कॅन केलं तर नवं काही येत नाही, फाइल मात्र सातपट होते. २४०० ला एक फ्रेम ३४०० × २२६८ पिक्सेलची आणि २४ बिटच्या टिफमध्ये (न दाबलेल्या फाइलमध्ये) सुमारे २३ एमबीची. पंधराशे फ्रेमना ३५ जीबी. डब्यातल्या ६×६ साठी २४००, १६ बिट ग्रे. प्रत्येकी ५६ एमबी, दीडशेंना साडेआठ जीबी. एवढी जागा साध्या पेनड्राइव्हवरही मावते, म्हणून जेपेगच्या मोहात पडू नका. अनशार्प मास्क (शार्पनिंग) बंद. लालसर पडलेल्या जुन्या स्लाइडसाठी ‘कलर रिस्टोरेशन’ एकदा लावून पाहा, ओरवोच्या रंग उडालेल्या स्लाइडना बऱ्याचदा फायदा होतो. पण पूर्ण पेटीला लावून ठेवू नका. संध्याकाळच्या गोदाघाटाचा सोनेरी उजेड ते ‘दुरुस्त’ करून टाकतं. आणि हो, घेण्यापूर्वी तुमच्या विंडोज किंवा मॅकच्या आवृत्तीसाठी कंपनीचं जे सॉफ्टवेअर मिळतं त्यात डिजिटल आइस आहे ना, ते पाहून घ्या. हार्डवेअर असून सॉफ्टवेअरमध्ये बटणच नाही असं होऊ शकतं.

व्ह्यूस्कॅन (स्कॅनर चालवायचं स्वतंत्र सॉफ्टवेअर) विकत घेणार असाल तर रंगीत निगेटिव्हसाठी एक गोष्ट शिकून घ्या. रोलच्या सुरुवातीचा, उजेड न लागलेला नारिंगी तुकडा प्रिव्ह्यू करा, एक्स्पोजर लॉक करा, मग फिल्मच्या मूळ रंगाचं लॉक लावा. त्यानंतर अख्खा रोल त्याच लॉकवर. नाहीतर दर फ्रेमला सॉफ्टवेअर नव्याने अंदाज बांधतं आणि एकाच लग्नातला शालू चार फोटोंत चार रंगांचा निघतो.

वेळ किती जाईल? व्ही६०० मध्ये एका वेळी ४ स्लाइड किंवा सहाच्या दोन पट्ट्या, म्हणजे १२ फ्रेम. ६०० स्लाइडच्या १५० खेपा, पुसणं-लावणं धरून दहा-बारा मिनिटांची एक, म्हणजे तीस तास. ९०० निगेटिव्हच्या ७५ खेपा, आइस चालू ठेवून अर्ध्या तासाची एक, सदतीस-अडतीस तास. पट्ट्या चारच्या कापलेल्या असतील तर खेपा वाढतील. डब्याचे पाच-सहा तास. रोज दोन तास दिले तर पाच-सहा आठवडे. निगेटिव्हच्या खेपेत स्कॅन सुरू करून उठता येतं, हा फ्लॅटबेडचा मोठा फायदा. प्लस्टेकवर दर फ्रेमला होल्डर हाताने पुढे ढकलावा लागतो. ट्रंकेत एकूण दोन-अडीचशेच फ्रेम असत्या तर मशीन घेऊच नका म्हटलं असतं. मुंबई-पुण्याच्या फिल्म लॅबकडे पाठवाव्यात आणि आधी विचारावं की फाइल किती पिक्सेलची देणार. ‘हाय रेझोल्यूशन’ या शब्दावर समाधान मानू नका.

आता डीएसएलआर. पक्ष्यांची लांब लेन्स इथे कामाची नाही, मॅक्रो हवी. तुमचा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा असेल तर सेन्सरची रुंदी साधारण साडेतेवीस मिलिमीटर, फ्रेमची ३६, म्हणजे ०.६५ पट मोठेपण पुरतं. निकॉनची ४० एमएम मायक्रो किंवा कॅननची ६० एमएम मॅक्रो यांना ते सहज जमतं. लेन्स घ्यायची नसेल तर ५० एमएम एफ १.८ आणि एक्स्टेन्शन ट्यूबचा संच: ५० चा ०.६५ पट म्हणजे साडेबत्तीस, संचात १२, २० आणि ३६ मिलिमीटरच्या नळ्या असतात, १२ आणि २० जोडली की जमलं. कडा मॅक्रोइतक्या धारदार येणार नाहीत, एफ ८ ला बऱ्याच सुधारतात.

उजेडासाठी सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा वर असलेलं व्हिडिओ एलईडी पॅनल. त्याच्यावर तीन मिलिमीटरची दुधी अ‍ॅक्रिलिक शीट, आणि शीट व फिल्म यांत तीन-चार सेंटिमीटरची मोकळी जागा, म्हणजे शीटवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. अ‍ॅक्रिलिक मागवावं लागत नाही, दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे त्याचे तुकडे पडलेले असतात आणि ते मापाने कापूनही देतात. पॅनल मंद करून वापरू नका. मंद केलेले बरेच एलईडी लुकलुकतात आणि चित्रावर आडवे पट्टे येतात. पूर्ण उजेड, आयएसओ १००, एफ ८, आणि टायमर किंवा रिमोटने शटर. स्टँड म्हणून बंद पडलेल्या स्टुडिओतल्या एनलार्जरचा (निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायच्या यंत्राचा) खांब मिळाला तर सोन्याहून पिवळं. डोकं काढून तिथे कॅमेरा बसवा. कॅमेरा आणि फिल्म समांतर आहेत का हे पाहायला फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की झालं. स्लाइडच्या भोवतीचा उघडा उजेड काळ्या कार्डाने झाका, खोलीतले दिवे बंद करा, नाहीतर छतावरची ट्यूब फिल्मच्या चकचकीत बाजूवर उमटते.

रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) घ्या, एक्स्पोजर मॅन्युअल, पांढऱ्या भागाचा तपशील जपून. बसवायला एक संध्याकाळ गेली तरी नंतर शंभर स्लाइड तासाभरात होतात. गैरसोय एकच, इन्फ्रारेड नाही. धूळ आधीच काढावी लागते. रंगीत निगेटिव्ह मात्र कॅमेऱ्याने करण्याच्या फंदात तुम्ही पडू नका. नारिंगी थर उलटवणं जमतं (डार्कटेबल या फोटो सॉफ्टवेअरमधलं निगाडॉक्टर मोफत आहे, दोन फ्रेममधल्या मोकळ्या पट्टीवरून मूळ रंग उचलायचा), पण नऊशे फ्रेमना ते संयमाचं काम आहे, फ्लॅटबेड आणि आइस बरे. डब्यातल्या कृष्णधवल निगेटिव्ह मात्र दोन्हीकडे छान होतात.

साफसफाई. मार्च ते मेमध्ये नाशिकच्या कोरड्या हवेत फिल्म घासली की स्थिर वीज तयार होते आणि धूळ चुंबकासारखी ओढली जाते. फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, पंखा बंद, त्या खोलीत उदबत्ती नको. रबरी ब्लोअरने आधी काच, मग होल्डर, मग फिल्मच्या दोन्ही बाजू. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण इमल्शनवर (चित्राच्या थरावर) बसले की निघत नाहीत. सुती हातमोजे घाला, फिल्म कडेने धरा.

बुरशी वेगळी. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा फांद्यांसारखे डाग दिसले, विशेषतः नदीकाठच्या जुन्या वाड्यातल्या ओलीत राहिलेल्या पेटीत, तर त्या फिल्मला पाणी अजिबात लावायचं नाही. बुरशीने जिलेटिनचा थर पाण्यात विरघळेल असा करून ठेवलेला असतो. ओल्या कापसाच्या एका हातात आजोबांचा चेहरा निघून येतो. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, तेच वापरा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात उरलेलं पाणीच असतं. धागे न सुटणारं कापड किंचित ओलं करून आधी फ्रेमच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, मग चकचकीत बाजूवर, आणि अगदी गरज असेल तरच मंद, म्हणजे इमल्शनच्या बाजूवर, न रगडता. बुरशीने थर खाल्ला असेल तर ती जागा गेलीच. आइसलाही तिथे भरायला काही सापडत नाही.

काचेच्या माउंटमधल्या स्लाइड तशाच स्कॅन केल्या तर इंद्रधनुषी वलयं येतात, शिवाय धूळ साफ करायला काचेचे चार जादा पृष्ठभाग. माउंट उघडून फिल्म साध्या प्लास्टिक माउंटमध्ये घाला. वळलेल्या पट्ट्या स्वच्छ बटर पेपरमध्ये घालून जाड पुस्तकांखाली आठवडाभर ठेवा. इस्त्री नाही, केसांचा ड्रायर नाही. आणि ट्रंक उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो ज्या पाकिटाचा आहे ते आधी शोधा आणि बाकीच्यांपासून दूर न्या. फिल्मचा पायाच कुजतोय, त्यातून सुटणाऱ्या वाफेने शेजारच्या फिल्मचं कुजणंही वेगाने होतं. स्कॅनिंगमध्ये पहिला नंबर त्याच पाकिटाचा.

सेकंडहँड घेणार असाल तर तीन फ्रेम बरोबर न्या: एक भर उन्हातली स्लाइड, एक अंधारी, एक रंगीत निगेटिव्ह. होल्डर नसलेला फ्लॅटबेड घेऊ नका, होल्डर सुटे मिळवणं डोकेदुखी आहे. काचेवर तिरका टॉर्च मारा, आतून धुरकट थर दिसला तर किंमत पाडा किंवा सोडा. उन्हातल्या स्लाइडमध्ये पांढऱ्या कळसाभोवती दुधी झाक आली तर आतला आरसा मळलेला आहे, जुन्या कूलस्कॅनमध्ये हे फार दिसतं. कूलस्कॅनचं कंपनीचं सॉफ्टवेअर आजच्या संगणकावर नीट चालत नाही, व्ह्यूस्कॅनचा खर्च धरा. ८००० आणि ९००० ही मॉडेल फायरवायर या जुन्या केबल-जोडणीची आहेत, ती खाच तुमच्या लॅपटॉपला नसणार. आणताना लॉक असलेल्या मॉडेलचा (आतला हलता भाग धरून ठेवणारा) लॉक लावायला विसरू नका, आणि घरी येऊन वीज जोडण्याआधी तो उघडायलाही.

फाइलच्या नावात वर्ष आधी, मग प्रसंग, मग पेटीचा आणि फ्रेमचा क्रमांक. तोच क्रमांक बारीक पेन्सिलीने पुठ्ठ्याच्या माउंटवर. माउंटवर वडिलांनी काही लिहिलं असेल तर त्याचाही मोबाइलने फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. सगळं दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक नातेवाइकांकडे. ट्रंकेत परत ठेवताना बटर पेपर आणि साधं पीव्हीसी प्लास्टिक काढून पॉलिप्रोपिलीनची पाकिटं वापरा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि जूनच्या सुरुवातीला त्या बदला किंवा मंद आचेच्या तव्यावर कोरड्या करून घ्या. ट्रंक जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला टेकूनही नको.